नामाची प्लास्टिकची होडी

जाळं वर ओढलं की मासे थोडे आन् शेवाळच लई येतं. आमच्या धरणाच्या काठावर किश्श्यांचं तसंच हाय. धरायला जावं रोहू, आन् हातात येतं भलतंच! कुणीतरी बिडी पेटवतं, म्हणतं, "किसनातात्या, होऊन जाऊ द्या एखादा," आन् मंग एकाचं शेपूट धरून दुसरा येतो.

परवा पाचोडच्या बाजारात एक जण भेटला. नवी होडी घ्यायची म्हणला. "तात्या, लाकडाची घेऊ का प्लास्टिकची? फायदा काय, तोटा काय, तेवढं सांगा."

म्हणलं, "बाबा, तसलं मला नाय कळत. मला नामाची होडी कळती. तिचं सांगतो, तुझं तू ठरव."

नामा माझा लंगोटीयार. त्याच्याकडं बापाची लाकडी होडी व्हती. रझाकाराच्या धामधुमीत बापानं तिच्यातून माणसं नदीपार केली, असं नामा येईल त्याला सांगायचा. फळ्या बदलून बदलून बापाच्या टायमाची एक बी फळी राहिली नव्हती. तरी म्हणायचा, "बापाची होडी!" मी म्हणायचो, "नाम्या, आता फक्त भोकं बापाच्या टायमाची राहिली." लई चिडायचा.

त्याचं पोरगं गणेश. एकुलतं. ते सारखं म्हणायचं, "आबा, ही पाणी धरती, फटीतून आत येतं. प्लास्टिकची घेऊ ना." आन् नामा म्हणायचा, "घमेल्यात बसून मासे धरतो का रं?" आम्ही सगळे हसायचो. पोरगं बी हसायचं.

एक दिवस नामाला ताप व्हता. गणेश एकटाच गेला. दुपारी वारं सुटलं. होडीनं पाणी धरलं, आन् पोरगं गेलं.

तवापासून नामाची बायको, कौसावहिनी, त्याच्याशी बोलंना. भांडण नाय, शिवी नाय. भाकर टाकायची, ताट पुढं करायची, पर शब्द नाय. सांगायचं असलं की शेळीला सांगायची. "दळण संपलं गं बाई." नामा मुकाट्यानं दळण घेऊन जायचा.

आन् मंग नामानं प्लास्टिकची होडी घेतली. दुसरं काय नाय. ती बोलावी म्हणून.

*

होडी चिकलठाण्याच्या कारखान्यातून टेम्पोत आली. निळीशार! समदा काठ गोळा झाला. मी म्हणलं, "नामा, हौद कामून आणला रं? म्हशी घेतल्या का?"

"बुडत नाय," नामा म्हणला. "गॅरंटी हाय."

आमच्यात होडी नवी असो का फळ्या बदललेली जुनी, पाण्यात घालायच्या आधी घरची बाई कुंकू लावती. नाकाडावर, म्हंजी होडीच्या पुढच्या टोकावर, हळद-कुंकू, नारळ. ती रीत झाल्याबिगर कुणी वल्ह्याला हात लावत नाय. नामा म्हणला, "किसना, तू जाऊन सांग. तुझ्याशी बोलती ती."

गेलो. वहिनी चुलीपुढं बसलेली. म्हणलं, "वहिनी, नवी सून आली, ओवाळायला चला."

वर न बघता म्हणली, "भावजी, मागच्या होडीला मीच लावलं व्हतं कुंकू. हात चांगला नाय माझा."

आता ह्याच्यावर काय चेष्टा करावी? माघारी आलो. नामाला म्हणलं, "डोकं दुखतं म्हणली." नामानं स्वतःच कुंकू लावलं. होडी पाण्यात ढकलली, पहिलीच लाट आली आन् कुंकू सगळं निघून गेलं. लाकूड कुंकू पितं हो. प्लास्टिक नाय पीत.

*

पावसाळ्याच्या तोंडाला आम्ही होड्यांना डांबर लावतो. आज्यापंज्यापासूनची सवय. नामानं बी डबा तापवला आन् निळ्या होडीला झाडून डांबर फासलं! मी बघत व्हतो, एक शब्द बोललो नाय. म्हणलं, होऊन जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. लाकडावर बसतं तसं डांबर काय बसंना, ओघळायला लागलं. नामा होडीत बसला तो उठंनाच! धोतर तिथंच, नामा वर! समदा काठ पोट धरून हसला.

पुढं होडी खडकावर घासून चिरली. लाकडाला घरच्या घरी खिळा ठोकता येतो. हिला दवाखान्यात न्यावं लागतं! तोटाच की. नेली चिकलठाण्याला, सलीमभाईकडं. प्लास्टिकचं वेल्डिंग करणारा माणूस. होडी बघून कपाळाला हात लावला त्यानं.

"मामू, ये नाव है के सडक?"

"बारिश के पहले मारना पडता," नामा म्हणला.

"अरे, लकडी को मारते. इसकू पानी का डर नै. सौ बरस नै डूबती, लिख के लेव!" सलीमभाईनं डांबर खरवडलं, चीर सांधली, पैसे बी कमीच घेतले. जाता जाता विचारलं, "चलाता कौन? बेटा?"

माझं तोंड कधी बंद नसतं. त्या टायमाला मी खिशातली बिडी काढून तोंडात घातली.

नामा म्हणला, "हां. बेटाच चलाता."



*

हलकी लई, हा फायदा. आन् हलकी लई, हाच तोटा. लाकडीला उचलायला आठ गडी लागायचे. ही चौघांनी डोक्यावर घ्यावी. आता अशी वस्तू समोर असल्यावर माझ्यासारख्या माणसानं गप बसायचं कसं?

नामा लासूर स्टेशनला मेव्हण्याकडं गेला व्हता. आम्ही चौघांनी होडी उचलली आन् त्याच्या शेळ्यांच्या छपरावर नेऊन ठेवली! नामा आला. काठावर होडी नाय. येड्यासारखा पळत सुटला. मी म्हणलं, "वारं आलं व्हतं मोठं. उडाली. तुझ्या घराकडंच गेली बघ."

घरी येऊन बघतो तर होडी छपरावर, आन् खाली शेळ्या कावऱ्याबावऱ्या. आसपासची माणसं जमली. वहिनी बाहेर आली. वर बघितलं. आन् हसली हो! पदर तोंडाला लावून, खरंखुरं हसली. नामा होडी सोडून तिच्याकडंच बघत राहिला. मला वाटलं, झालं आपलं काम! आता बोलती.

हसता हसता वहिनी मला म्हणली, "भावजी, गण्या असता तर चढला असता सरसर. खाली यायचं नाव नसतं घेतलं त्यानं."

आन् आत गेली. कडी लावून घेतली.

होडी आम्ही खाली उतरवली. उतरवताना कुणी हसलं नाय.

*

मंग नामानं ठरवलं की तिला डोळ्यानं दाखवायचं. म्हणला, "किसना, समद्यांना बोलव. होडी बुडवून दाखवा म्हणावं. तिला बी आण."

कशी आणली ती माझी मला ठावं. म्हणलं, "वहिनी, पाण्याला तर येता ना? हंडा घेऊन या."

काठावर जत्रा झाली. आधी पाच जण चढले. मंग दहा. तुकाराम चढला, तो एकटाच दोघांच्या वजनाचा! होडी वाकली, पर बुडंना. बादल्यांनी पाणी ओतलं, काठोकाठ भरली. गडी मांडीभर पाण्यात बसलेले आन् होडी तरंगतीच! पोरं शिट्ट्या मारू लागली. मी वरडलो, "अरं, बुड की गं बाई, इज्जत घालवती का आमची!" टाळ्याच टाळ्या.

नामानं मान वळवून वहिनीकडं बघितलं. शाळेतलं पोर पाटी दाखवून मास्तरकडं बघतं ना, तसं.

वहिनी हंडा कमरेवर घेऊन उभी. माझ्याकडं बघून म्हणली, "भावजी, इतक्या जणांचं काय करायचं? एकानंच बसून दाखवा ना. तो एकटाच व्हता."

टाळ्या थांबल्या. एक एक गडी खाली उतरला. तुकाराम बी उतरला. एकटं बसायला कुणी चढंना. नामा बी चढंना. होडी रिकामी, पाण्यानं भरलेली, तशीच डुलत राहिली.

वहिनीनं हंडा भरला आन् गेली.

*

आन् ही गोष्ट मी कुणाला सांगत नाय, पर तुम्ही बसलाच हाय तर.

सकाळची वेळ. मी जाळं शिवत बसलो व्हतो. नामा होडीत जाळं भरत व्हता. बघतो तर वहिनी येऊ राहिली. हातात हंडा नाय, काय नाय. सरळ आली, पाण्यात उतरली, लुगडं खोचलं आन् होडीत जाऊन बसली. नाकाडाजवळ, आमच्याकडं पाठ करून.

मी म्हणलं, "वहिनी, तिकीट काढलं का?"

नामानं वल्हं माझ्याकडं सरकवलं. हळूच म्हणला, "किसना, तू वल्हं धर."

धरलं. मधोमध गेलो. गण्या गेला ती जागा आम्हाला विचारायची गरज नव्हती. मी वल्हं थांबवलं. वहिनी पाण्याकडं बघत म्हणली, "हितंच?"

नामा म्हणला, "हितं."

ती उठून उभी राहिली. दोन्ही पाय फाकवले, आन् होडी हलवायला लागली. डाव्या अंगाला, उजव्या अंगाला. प्लास्टिकची हलकी होडी, पार आडवी व्हायची! पाणी आत आलं. मी वरडलो, "वहिनी, बसा! बसा खाली!" नामा कडा धरून बसला व्हता. तो म्हणला, "हलवू दे तिला."

जोर संपेस्तोवर हलवली. घामानं डबडबली बाई. केस सुटले. होडी काय बुडली नाय. हळूहळू सरळ झाली.

मंग वहिनी खाली बसली. आता आमच्याकडं तोंड करून. पदरानं तोंड पुसलं, आन् नामाकडं बघितलं. नामाकडं, शेळीकडं नाय, माझ्याकडं नाय.

म्हणली, "जाळं टाका. आलोच हाय तर रिकामं कामून जायचं?"

नामानं जाळ्यात हात घातला. जल्मभर जाळं टाकणारा माणूस, पर त्याला टोक घावंना. उलटं करी, सुलटं करी.

वहिनीनंच वाकून शोधलं, आन् त्याच्या हातात दिलं.