फ्लेक्सची मागची बाजू

माझ्या वर्गात बाकांचा वापर कमीच होतो. पहिली 'ब'ची मुलं बराच वेळ जमिनीवर पालथी पडून रंगवत असतात आणि त्यांच्या पोटाखाली कुठल्या तरी नगरसेवकाचा वाढदिवस असतो. म्हणजे त्याचा फ्लेक्स. नागपुरात फ्लेक्सला तोटा नाही. वाढदिवस, निवड, नवरात्र, दहावीचा निकाल, सगळ्यासाठी चौकात फ्लेक्स लागतो आणि काम झालं की तो एखाद्या पानठेल्याचं छप्पर होतो. त्यातले काही आमच्या शाळेचे चौकीदार काका माझ्यासाठी मागून आणतात. छापलेली बाजू खाली, पांढरी बाजू वर. रंगात थोडा डिंक कालवला की तो टिकतो. कागद ओला झाला की फाटतो. फ्लेक्सवर मूल हवं तेवढं घासू शकतं आणि मला 'हळू, फाटेल' म्हणावं लागत नाही.

प्रिन्सिपल मॅडमना हे फार आवडतं. पाहुणे आले की त्या आधी माझ्या वर्गाच्या दाराशी येतात. "ही आमची सगळ्यात क्रिएटिव्ह टीचर. बोलत नाही फारशी, पण हातात जादू आहे." मी हसते. ज्या इंग्रजी शाळेत मी शिकले तिथे ओळीत उभं राहणं आणि मोठ्यांसमोर हसणं पक्कं करून घेतलं होतं. रागावायचं कसं हे अभ्यासक्रमात नव्हतं. घरी मराठी होती, पण घरातही मुलींचा राग स्वयंपाकघरात भांड्यांवरच निघायचा.

मी लग्न केलेलं नाही. मी मुलगी दत्तक घेतली आहे. ही दोन वाक्यं लिहिताना सोपी वाटतात. आईला सांगायला मला कित्येक महिने लागले. ती म्हणाली, "आधी लग्न, मग मूल, एवढा साधा क्रम तुला शाळेत शिकवला नाही का?" आणि मग तीच माझ्यासोबत प्रत्येक कागदाला, प्रत्येक चौकशीला आली.

मुलगी दिवाळीनंतर घरी आली. दुसऱ्या जिल्ह्यातल्या दत्तक संस्थेतून, चौथं वर्ष लागलेली, बारीक केसांची, तोंडात अस्सल वऱ्हाडी. पहिले काही दिवस ती मला आणि आईला, दोघींना 'मावशी' म्हणायची, कारण तिथे सगळ्या मावश्याच होत्या. आंघोळीला जाताना दाराबाहेर उभी राहून विचारायची, "माह्या नंबर आला का?" संस्थेच्या ताईंनी निघताना दोन गोष्टी बजावल्या होत्या. दत्तकाचा शेवटचा आदेश यायचा आहे, तोवर आणि त्यानंतरही मुलीचा फोटो कुठेही जाहीर लावायचा नाही. आणि ती कुठून आली हे तिला तुम्हीच सांगायचं, लहानपणापासून, गोष्टीसारखं. बाकी जगाला सांगायचं की नाही ते पुढे ती ठरवेल.

मी तिला सांगते. मोठ्या घराची गोष्ट. खूप मुलं, लांब व्हरांडा, डाळ-भाताचं मोठं पातेलं, आणि एक दिवस मम्मी आली. ती गोष्ट तिची आहे. मला फक्त एवढंच हवं होतं की जूनमध्ये ती माझ्याच शाळेच्या नर्सरीत येईल तेव्हा गेटमधून इतर मुलांसारखी आत जाईल, आणि ही गोष्ट तिच्याआधी कोणी सांगून टाकलेली नसेल.

सुट्टी मागायला गेले तेव्हा प्रिन्सिपल मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "मॅटर्निटी लीव्ह? पण डिलिव्हरी कुठे झाली? मुलगी तर चालती-बोलती आहे. बाकी टीचर्स काय म्हणतील?" मला आठ दिवस मिळाले. जिला घरातल्या कोणत्या दारामागे काय आहे हे माहीत नाही, जी झोपेत दचकून बिछान्याच्या कडेला हात फिरवते, ती चालते-बोलते म्हणून मला आठ दिवस. मी 'थँक्यू, मॅडम' म्हणून बाहेर आले. ते 'थँक्यू' मला अजून टोचतं.

स्टाफरूममध्ये वेगळंच. तिथे मी एकदम संत झाले होते. "किती मोठं पुण्य केलंस गं." "त्या जिवाचं सोनं झालं." "आमच्याच्यानं नसतं झालं बाई." मला मूल हवं होतं. जसं त्यांना हवं होतं तसंच. त्यांनी मुलं जन्माला घातली तेव्हा कोणी त्यांना पुण्यवान म्हटलं नाही, आणि त्यांच्या मुलांनी जन्मभर आईचे उपकार मानावेत असंही कोणी ठरवलं नाही. माझी मुलगी मात्र अजून बुटाची डावी-उजवी बाजू ओळखत नव्हती आणि तिच्यावर उपकारांचा डोंगर चढवून झाला होता.

संक्रांतीला आईनं लूट केली. बोरन्हाणाला आमच्याकडे लूट म्हणतात. मूल पाटावर बसवायचं, काळे कपडे, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या, हरभरे ओतायचे. मग जमलेली पोरं झडप घालून ते लुटतात. शेजारची मुलं होती, सोसायटीतल्या बायका होत्या, आणि शाळेतली एकच, पहिली 'अ'ची टीचर, माझ्या त्यातल्या त्यात जवळची. आईनं मापटं ओतलं, पोरं धावली, आणि माझी मुलगी पाटावर उभी राहून दोन्ही हात पसरून ओरडली, "लाईन लावा. एकाले एकच."

पोरं खरंच थांबली. मग ती खाली बसली, बोरं गोळा केली आणि एकेकाच्या हातावर ठेवू लागली. मला हसू आलं. वर्गात मी रोज जे करायचा प्रयत्न करते ते तिनं एका वाक्यात केलं होतं. पण बायका वेगळ्या हसल्या. "बघा, आश्रमातली शिस्त." "बिचारी, मिळेल की नाही याची सवय." ते तिला ऐकू जात होतं. हातातलं बोर घेऊन ती क्षणभर थांबली आणि बोलणाऱ्या बाईकडे पाहत राहिली. मी तिळगुळाचं ताट उचललं आणि सगळ्यांना वाटत सुटले.

माझी मैत्रीण फोटो काढत होती. निघताना मी तिला दाराशी म्हटलं, "शाळेत पालकांना सांगू नकोस हं. आणि फोटो तुझ्याकडेच ठेव."

"अगं, यात लपवण्यासारखं काय आहे? चांगलंच तर केलंयस."

"लपवत नाहीये. ती सांगेल, तिला सांगायचं असेल तेव्हा."

"चार वर्षांची पोर काय सांगणार?" ती हसली, माझ्या गालाला हात लावला आणि गेली.

सव्वीस जानेवारीला आईच्या गुडघ्यानं असहकार पुकारला म्हणून मुलीला सोबत न्यावं लागलं. थंडी होती. ती स्कूटीवर माझ्या पुढे उभी, कानाला रुमाल बांधलेला, रस्त्यावरचे झेंडे मोजत. शाळेजवळ आलो आणि ती एकदम ओरडली, "मम्मी, थे पाय! मी!"

गेटच्या वर फ्लेक्स होता. डावीकडे शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष, हात जोडलेले, कमरेपासून वरचे, जवळजवळ माझ्या उंचीचे. उजवीकडे माझा ओळखपत्रावरचा फोटो. मधे, गोलात, फुलांच्या नक्षीत, हलव्याचा मुकुट घातलेली माझी मुलगी. खाली लाल अक्षरांत: 'एका अनाथ बालिकेस मायेची सावली देणाऱ्या आमच्या उपक्रमशील शिक्षिकेचे हार्दिक अभिनंदन.'

आत जाणारे पालक मान वर करून वाचत होते. दोघांनी मोबाईल काढले होते.

"मम्मी, काय लिवलं हाय?" तिला आनंद झाला होता. आजवर तिचा एवढा मोठा फोटो कुणी लावला नव्हता. माझा तर कुठलाच नव्हता. ती टाळ्या वाजवत होती आणि मी रोज मुलांना अक्षरं वाचायला शिकवणारी बाई, ती एक ओळ तिला वाचून दाखवू शकत नव्हते.

"चुकीचं लिहिलंय," मी म्हटलं.

"मंग खोड ना."

मी तिला वर्गात नेलं, क्राफ्टच्या कपाटातली मोठी कात्री घेतली, आणि चौकीदार काकांची शिडी भिंतीला लागलेलीच होती ती गेटला लावली. पांढरी साडी खोचली. काका धावत आले.

"काहून काढून राहिल्या जी मॅडम? साहेब येऊनच राहिले. मलेच बोलतीन ना."

"माझं नाव सांगा, काका."

"नाव तं सांगीनच. पर शिडी तरी धरू द्या, पडसान."

खिळ्यांना बांधलेले दोरे कापले. एक बाजू खाली लोंबली तेव्हा अध्यक्ष आधी डोक्यावर उभे राहिले, मग जमिनीवर आले. पालकांत कोणीतरी हसलं. प्रिन्सिपल मॅडम तिरंगी काठाची साडी सावरत आल्या.

"काय चाललंय हे? लोक पैसे देऊन स्वतःचे फ्लेक्स लावतात आणि आम्ही तुझा सन्मान केला तर तू…"

माझा आवाज बारीकच निघाला, पण निघाला. "मॅडम, मुलीचा फोटो लावायला परवानगी नाही. आणि ती अनाथ नाहीये. तिला मी आहे."

"शब्दांत काय पकडतेस? भावना बघ."

"तुमच्या मुलीच्या लग्नाच्या फ्लेक्सवर ती कुठल्या दवाखान्यात, कशी झाली हे छापाल का?"

हे मी मराठीत, शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून, कात्री हातात घेऊन म्हटलं. मॅडमचा चेहरा पांढरा पडला. मला वाईट वाटलं नाही. पहिली 'अ'ची टीचर गेटच्या आत उभी होती, हातात झेंड्यांचा गठ्ठा. तिनं माझ्याकडे न बघता झेंडे वाटायला सुरुवात केली.

झेंडावंदन झालं. मुलीनं जिलेबी खाल्ली, अर्थात रांगेत उभी राहून. मला आठवड्याभरात मेमो मिळाला. मी तो दोनदा वाचला, कारण मला वाटलं माझंच काही वाचायचं राहिलं. 'मा. अध्यक्षांच्या छायाचित्राची विटंबना केल्याबद्दल खुलासा करावा.' मुलीबद्दल एक शब्द नव्हता. परवानगीबद्दल नाही, मोबाईलमधल्या फोटोंबद्दल नाही, जे तोवर पालकांच्या ग्रुपवर फुलं आणि नमस्कार लावून फिरत होते. मी ते काढायला सांगितलं. काहींनी काढले. एका आईनं मला उलट लिहिलं, 'मॅडम, तुम्ही खूप नम्र आहात.'

मेमोला मी एका वाक्यात उत्तर दिलं: अध्यक्षांचे छायाचित्र पूर्णपणे सुरक्षित असून त्याच्या मागच्या बाजूवर पहिली 'ब'चे रंगकाम सुरू आहे.

ते खरं होतं. मी फ्लेक्समधून फक्त तो गोल कापून घरी नेला. बाकीचा वर्गात पालथा घातला. मधे मोठं गोल भोक राहिलं. मुलांनी विचारलं नाही, मुलं अशा गोष्टी विचारत नाहीत. एकानं भोकाभोवती दगड रंगवून त्याची विहीर केली, आणि मग विहिरीत बेडूक कुठे बसवायचा यावर भांडण झालं. तो कापलेला गोल मुलीनं तिच्या कपाटाच्या दाराला आतून लावून घेतलाय. तिला तो आवडतो. तिचा आनंद खोटा नव्हता, म्हणून मी तो फाडला नाही.

पण माझ्या शाळेत तिला घातलं नाही. नोकरी सोडण्याइतकी मी मोकळी नाही. त्या गेटमधून रोज जाते आणि रोज वर बघते, खिळे अजून तिथेच आहेत. ज्या शाळेत मी इतरांच्या मुलांना पोटभर रंगवू देते तिथे माझ्या मुलीला कोरी जागा मिळू नये, याचा राग जात नाही. तो जावा असंही मला वाटत नाही.

तिच्यासाठी घराजवळची छोटी शाळा शोधली. प्रवेशाच्या दिवशी मुलांना अंगणातल्या वाळूत सोडलं होतं आणि आम्ही पालक बाकावर. माझ्या मुलीनं शेजारच्या दोन वेण्यांच्या मुलीला आधी फावडं दिलं, मग सांगितलं, "मी मोठ्या घरातून आली. थितं लय पोरं होते."

मी बाकावरून अर्धवट उठले. बाकावरच्या एका बाईनं मान वळवली.

"तू कुठून आली?" माझ्या मुलीनं विचारलं.

"मनीषनगरहून," वेण्यांवाली म्हणाली. "आता माझा नंबर. फावडं दे."