मोहाच्या झाडामागं मी बसले होते

हे पूर्ण असं मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. तो गेला बिचारा, आणि जाईपर्यंत त्याला वाटत होतं की बायकोच्या अंगात काहीतरी आहे, तिला आपोआप कळतं. पोटच्या पोरीला तर नाहीच. परवा तिच्यासमोर एक वाक्य तोंडातून निघालं — तेवढंच. बाकीचं आत आहे. तुम्हाला सांगते. तुम्ही माझे कोण? कोणी नाही. म्हणूनच जमेल बहुतेक.

पण थांबा. आधी झाडाचं सांगू द्या. सरळ मुद्द्यावर यायची हिंमत असती तर इतकी वर्षं लागली असती का?

आमचं गाव बेल्याजवळ, तेलंगणाच्या पार टोकाला. काळी जमीन, कापूस, ज्वारी, आणि आमच्या बांधावर एक मोह — दोघींनी हात धरले तरी कवेत न येणारा. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूनं मला देवघर दाखवलं नाही, कारण ते नव्हतंच. तिनं मला शेतात नेलं. हे वारूळ, ही विहीर, हा दगड, हा मोह. "हे आपले देव," म्हणाली. मी माहेरी कॅलेंडरवरचे गुलाबी गालांचे देव पाहून वाढलेली, वर नववी पास! मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी खांदे हलत होते. सासू म्हणाली, "हास, हास. त्याईले राग नाई येत."

तिच्या घरची एक रीत होती. चैत्रात मोहाची फुलं पडायला लागली, की पहिली टोपली भरण्याआधी घरातल्या प्रत्येक लेकरानं एकट्यानं झाडापाशी जायचं. कपाळ खोडाला टेकवायचं आणि पोटात जे साठलं असेल ते बोलायचं. मनातल्या मनात नाही — तोंडानं. बाकीच्यांनी तोवर दूर विहिरीपाशी थांबायचं. बोलून झालं की निघायचं, आणि मागं वळून पाहायचं नाही. याला आमच्याकडे 'पोट सांडणं' म्हणत. आधी पोट सांडायचं, मग टोपली भरायची. माझ्या थोरल्या पोरानं एकदा आजीला विचारलं होतं, झाडानं कुणाला सांगितलं तर? ती म्हणाली, "त्याले कान हायेत बाप्पा, तोंड कुठं हाय?"

मी माझी दोन्ही लेकरं याच रीतीनं वाढवली. गावात लोक कौतुक करायचे — सासूचं वळण सुनेनं राखलं. राखलं खरं. पण का राखलं? माझी श्रद्धा होती म्हणून? छे. माझी सोय होती म्हणून.

सासू असेपर्यंत माझी छाती झाली नाही. ती गेली आणि त्याच चैत्रात मी पळसामागं जाऊन बसले. मोहाच्या पाठीमागं पळसाचं दाट झुडूप आहे. गोवऱ्यांची टोपली काखेत घ्यायची, मुलांना विहिरीपाशी सोडायचं, "तुमी थांबा, मी शेण पाहून येतो" म्हणायचं, आणि लांबून वळसा घालून झुडपात शिरायचं. केवढी हुशार! बसायची कुठं, तर वारुळाच्या कडेला. एका देवाच्या पाठीशी लपून दुसऱ्या देवाच्या अंगावर बसलेली ही बया — आज आठवलं तरी तिला एक धपाटा घालावासा वाटतो. मुंग्या पोटऱ्या फोडून काढायच्या आणि ही ओठ दाबून बसायची, का तर थोरला पोरगा झाडाला सांगत होता, दुधावरची साय मी कुत्र्याला चारली.

संध्याकाळी वाढताना मी सहज विचारायची, "काऊन रे, कुत्र्याले साय पचली का?" पोराच्या हातातला घास तिथंच थांबायचा. वाटायचं, वा! यांच्या मास्तरांनाही जमत नाही ते मला जमतं. दोन-चार वर्षांत थोरला शहाणा झाला. झाडापाशी जाऊन तो नुसता खाकरायचा आणि परत यायचा. त्याला कळलं होतं का? कोण जाणे. पुरुषांची जात, बोलला नाही.

सिंधूला मात्र नाही कळलं. माझी सिंधू. ती खरंच मानायची. जाता-येता झाडाला हात लावायची, पाऊस लांबला तर त्याच्या मुळाशी तांब्याभर पाणी ओतायची. मी जे सोयीनं शिकवलं ते ती मनापासून शिकली. याला काय म्हणावं — मी खोटं पेरलं आणि तिच्यात खरं उगवलं.

ती सतरा वर्षांची होती. कॉलेजला आदिलाबादला जायची, बसनं, शकुनबरोबर. शकुन आमच्याच गावची, बौद्धवाड्यातली, तिचे वडील शाळेत शिपाई. दोघी एका वहीत लिहायच्या, एका डब्यात खायच्या. त्या वर्षी चैत्रात सिंधूनं कपाळ टेकवलं आणि बोलू लागली, आणि मी मुंग्यांसह ऐकू लागले.

तिनं नर्सच्या ट्रेनिंगचा फॉर्म भरला होता. शकुननंही. घरी कळू नये म्हणून पत्र शकुनच्या घरच्या पत्त्यावर येणार होतं. पत्र आलं की दोघी कॉलेजच्या बसनं जाणार होत्या, आणि सिंधू परत येणार नव्हती — ट्रेनिंग होईपर्यंत. "मले भीती वाटून राह्यली," ती झाडाला म्हणाली. "पन मी जातो. तू माह्या मायले सांभाळ."

मला सांभाळ! आणि मी दहा हातांवर बसलेली. त्या दिवशी मुंग्या चावलेल्या मला घरी जाऊन पाय धुताना कळल्या.

मी काय करायला हवं होतं ते तुम्ही सांगू नका. मला माहीत आहे. मी त्याच दुपारी नवऱ्याला सांगितलं. त्याला वाटलं, हिला नेहमीसारखं कळलं. माझ्या भावानं तलमडुगूकडचं एक स्थळ आणलेलं होतंच. आठवड्यात साक्षगंध, वैशाखात लग्न. कॉलेज बंद. सिंधू रडली नाही. ती फक्त शोधत बसली — कोणी सांगितलं? दोघांनाच माहीत होतं. एक शकुन. आणि एक मोह.

मोहाला तर तोंड नव्हतं.

शकुन आमच्या दारात आली. मी ओट्यावर उभी होते. "मावशी, मी कोनाले नाई सांगतलं. तिले बलावा ना." सिंधू आतून बाहेर आली नाही. चार दिवसांनी शकुन पुन्हा आली, पत्र घेऊन. सिंधूचं पत्र, तिची निवड झाली होती. ते मी हातात घेतलं आणि तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. तिसऱ्यांदा ती हळदीच्या दिवशी आली. मांडवात यायची तिची छाती नव्हती, कुंपणाबाहेर थांबली. "मावशी, तुमीच सांगा ना तिले, मी नाई सांगतलं म्हनून." मीच सांगायचं! तिला काही माहीत नव्हतं. ती सहज बोलली. माझ्या हाताला हळद होती आणि बायका गात होत्या, आणि मी तिला म्हणाले, "जाय वं बाई आता, तमाशा करू नको."

आत आले तर पाटावर बसलेली सिंधू मला विचारते, "शकुननंच सांगतलं ना, माय?"

मी 'हो' म्हणाले नाही. एवढं लक्षात घ्या — किती सावध होते मी! मी म्हणाले, "जाऊ दे वं." बस्स. आपण खोटं बोललो नाही, या हिशेबावर मी पुढं कितीतरी वर्षं भाकरी खाल्ली. आणि आणखी एक सांगते, हे झाडालाही कधी बोलले नाही. शकुनवर आळ येऊ देणं मला जड गेलं नाही. ती आमच्या आळीतली असती, तिची आई हळदीकुंकवाला माझ्या घरी येत असती, तर गेलं असतं का? गेलं असतं. मग पाटावरच्या पोरीजवळ मी गप्प राहू शकले असते का?

शकुन नर्स झाली. एकटी गेली, एकटी शिकली. सिंधू तलमडुगूला नांदली. वाईट झालं असं नाही, जावई भला माणूस आहे. पण बेल्याच्या बाजारात शकुन दिसली की सिंधू रस्ता ओलांडायची. पुढं धाकट्या लेकराच्या वेळी सिंधूला दवाखान्यात नेलं, भर दुपारी, कळा सुरू, आणि पांढऱ्या कपड्यांत समोर शकुन. सिंधू ओरडली, "तिले हात नका लावू देऊ!" शकुननं दुसऱ्या नर्सला तेलुगूत सगळं नीट समजावून सांगितलं आणि स्वतः व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. लेकरू रडेपर्यंत उभी होती. मी तिच्या शेजारी बाकावर. दोघींमध्ये हातभर अंतर. बोलायला केवढा वेळ होता! मी पदराचं टोक पिळत बसले. लेकराचा आवाज आला तसं शकुननं डोळे पुसले आणि मला म्हणाली, "मावशी, पोरगी झाली." आणि कामाला गेली.

ती पोरगी म्हणजे परी. आता नऊ वर्षांची आहे. शाळेतल्या पोरींचं ऐकून मला आजी सोडून अम्मम्मा म्हणते, आणि माझ्यासारखीच चोंबडी आहे — म्हणून मला तिची जरा भीती वाटते.

या चैत्रात सिंधू तिला घेऊन आली. पोट सांडायला. तिच्या गावी मोह नाही, आणि पोरीला रीत लागावी ही तिची हौस. सकाळचं ऊन पडलं होतं, फुलांचा सडा होता. सिंधूची टोपली भरत आली होती, पण परी काही झाडापाशी जाईना. तिच्या वर्गात एक मैत्रीण, तिच्याशी काहीतरी बिनसलेलं; ते झाडाला नाही, तिलाच सांगेन म्हणत होती. सिंधू तिच्यापुढं उकिडवी बसली आणि म्हणाली, "हे पाह्य. पोटातलं मैत्रिनीले सांगाचं नाई. मानूस सांगते. सख्खी मैत्रीन असली तरी सांगते. झाड नाई सांगत. मले मोठं होऊन समजलं, तू आत्ताच समजून घे."

परी माझ्याकडे वळली. "अम्मम्मा, यानं कधीच कोनाचं नाई सांगतलं?"

तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं दाबलं, अजून थोडं दाबता आलं असतं. आलं असतं. सराव होता. पण त्या चिमुरडीला मैत्रीण तोडायला शिकवत होतं कोण? सिंधू नव्हे. मीच, पळसामागं बसून.

मी म्हणाले, "त्यानं नाई सांगतलं. मी सांगतलं. त्या झुडपात बसून आयकलं व्होतं."

सिंधूचे हात थांबले नाहीत. ती फुलं वेचत राहिली, एकेक, देठाकडून. मला वाटलं, ऐकलं नाही. मग खाली पाहूनच म्हणाली, "शकुन किती खेपा आली व्होती दारात?"

"तीन."

"पत्र आलं व्होतं?"

या पत्राचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. मी मान हलवली. ते मी हळदीच्या दुसऱ्या दिवशी चुलीत घातलं होतं — हे तिनं विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. आता इथं सांगितलं.

सिंधू उठली. टोपली उचलली आणि सगळी फुलं झाडाच्या बुंध्याशी ओतून दिली. रिकामी टोपली पालथी ठेवली. खोडाला हात लावला नाही. परीचा हात धरला आणि बांधावरून निघाली, सडकेकडे, बसच्या दिशेनं. परी वळून-वळून माझ्याकडे बघत होती, तर सिंधूनं तिची मान हातानं सरळ केली.

मी तिथंच उभी होते. सिंधूनं मागं पाहिलं नाही. तशी रीतच आहे. मीच शिकवली होती.