सुतकात बुक्की चालते का

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पोत्यात चिंध्या भरणं. नात बॉक्सिंग शिकत होती. बुक्क्या मारायची तयार पिशवी घेणं शिरोलीच्या कारखान्यात भट्टीवर राबणाऱ्या लेकाच्या पगारात बसत नव्हतं. म्हणून पेंडीचं रिकामं पोतं घेतलं. मी तोंड धरलं, ही चिंध्या कोंबत होती. म्हणाली, "तुमची धोतरं मधी घालते. तिथंच जास्त बुक्क्या बसत्यात."

पोतं गोठ्यात टांगलं. म्हशीनं बिचकून संध्याकाळी दूध दिलं न्हाय. ही तिला म्हणाली, "तुला कोण मारतंय गं?"

सकाळी चहाला हाक मारली, तर ही उठलीच न्हाय.

दुपारी हिची माती झाली. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात नातीची निवडीची लढत होती. चुकली तर वर्ष गेलं. ती भिंतीकडं तोंड करून बसलेली. माझा थोरला भाऊ म्हणाला, "सुतकात पोरगी बाहेर पडायची न्हाय. आणि नाक मोडून आली तर हिला करून कोण घेणार?"

"नाकाचं नंतर बघू," मी म्हणालो. "सुतकात बुक्की चालत न्हाय, असं कुणी सांगितलं?"

सगळी भावकी विचारात पडली. एकजण म्हणाला, "बुक्की म्हणजे शिवणंच की. समोरच्या पोरीला सुतक लागंल."

दुसरा म्हणाला, "हातात मोजं असत्यात. मग शिवलं कुठं?"

"मोजं कुणाचं?" पहिल्यानं विचारलं.

नातीला बोलावलं. डोळे सुजलेले. म्हणाली, "तालमीचं हायत. माझं कुठलं?"

"मग सुतक तालमीला," पहिला म्हणाला.

"आणि त्या पोरीनं हिच्या तोंडावर मारली तर? तोंड तर आपल्याच घरचं हाय," भाऊ म्हणाला.

मी म्हणालो, "म्हणून तर हिनं मार खायचा न्हाय."

कुणी हसलं न्हाय. सवयीनं मी आत चुलीकडं बघितलं. ही असती तर तोंडात पदर कोंबून हसली असती.

भाऊ उठला. "जा घेऊन. पण त्या पोरीला सांगून टाक. फसवाफसवी नको."

सकाळी अंघोळ केली आणि नातीला घेऊन हातकणंगल्याहून एसटीनं कोल्हापूर गाठलं. लढतीची वेळ झाली तसा मी रिंगणाच्या दोरीखालनं वाकून वर चढलो. समोरच्या पोरीला म्हणालो, "बाळ, आमच्यात काल मयत झालंय. सुतक हाय. तुला चालंल न्हवं?"

ती पोरगी पंचाकडं बघायला लागली. मग म्हणाली, "चालतंय की आजोबा. पण मी सोडणार न्हाय हं."

"सोडू नकोस," मी म्हणालो.

पंचानं मला दंड धरून खाली उतरवलं. मी खुर्चीवर बसलो. कालपासनं आलं नव्हतं ते रडू तिथं आलं, आणि थांबंना. शेजारच्या माणसानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"पावणं, रडताय कशाला? तुमचीच मारायला लागलीय."