वडारी हाळी

दगड उचलण्याआधी मावशी त्याच्या पाठीवर, म्हशीला मारावी तशी, थाप मारायच्या. मग वडारीत हाळी द्यायच्या. सात पहारी एका दमात लागायच्या आणि दगड मुकाट उठायचा.

दौलताबादच्या रस्त्याला एका शाळेच्या दगडी पायऱ्यांचं काम होतं. मी तिथं देखरेखीला, मावशी वडारांच्या टोळीच्या म्होरक्या. वडारी तुम्हीही कधी ऐकली असेल, तेलुगूसारखी लागते कानाला. दगडामागं फिरत पिढ्यांपूर्वी इकडं आलेल्या वडारांची ही घरची बोली. सरकारी कागदावर तिला कुणी विचारत नाही. मावशींना त्याची फिकीर नव्हती. "मराठी बाजाराची, वडारी दगडाची," म्हणायच्या. गेल्या वर्षी त्या वारल्या.

कामाचा ठेका घेतलेल्या गुत्तेदाराला ती बोली खुपायची. आपल्याला न कळणारं कुणी बोललं की ते आपल्याविषयीच, असं धरून चालणारा तो माणूस. एका सकाळी त्यानं फर्मान काढलं, "ही भाषा बंद! शिव्या देता का काय, कळत नाय. एक-दोन-तीन म्हणा अन् उचला."

"शिव्या द्यायच्या तं मराठीतच देईन की," मावशी म्हणाल्या. "तुमाला कळाया नको व्हय?"

मी हसू दाबलं.

तरी एक-दोन-तीन झालं. कुणी दोनला जोर लावला, कुणी तीन झाल्यावर. हाळी लांबते तिथंच श्वास धरायची त्यांच्या अंगाला जन्माची सवय. एक पहार निसटली आणि दगड मावशींच्या पुतण्याच्या पायापासून वीतभरावर आदळला.

मावशींनी पहार खांद्यावर टाकली. "भाषा बंद, तं काम बंद."

"उद्यापासून येऊ नका!" गुत्तेदार ओरडला.

"उद्या कशाला? ह्ये निघालो."

सगळी माणसं मोठमोठ्यानं वडारीत बोलत रस्त्याला लागली. चूक कुणाची, ते मला दिसत होतं. पण गुत्तेदाराची भीती वाटली. मी वहीत डोकं घालून उभा राहिलो.

चौथ्या दिवशी त्यानं मलाच त्यांच्याकडं पाठवलं. मावशी दारात वरवंटा घडवत बसल्या होत्या. चहा पाजला. मी म्हणालो, "चला मावशी. आता खुशाल वडारीत बोला म्हणतो तो."

"त्याची परवानगी मागितली व्हती कुणी?"

मी उगाच म्हणालो, "हाळीचे शब्द मलाही शिकवा की."

मावशींनी हातातली छिन्नी खाली ठेवली.

"वडारी ऱ्हाऊ द्या, साहेब. त्या दिवशी मराठीत तरी बोलायचं व्हतं."