पान एकेचाळीसवरचा हिरवा गोल

मंडळी, दोन तास झाले, अजून डोक्यातून जात नाहीये. कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाहीये.

आईचे गुडघे धरलेत, म्हणून तिचं पुस्तक बदलायला आज मी ठाकुर्लीच्या लायब्ररीत गेलेले. निघताना तिची ताकीद, "जुनी डिटेक्टिव्ह कादंबरीच आण. आणि पान एकेचाळीस बघ गं. आकड्याभोवती माझा हिरवा गोल असेल तर ती वाचून झालीय."

अख्खं कपाट पालथं घातलं. खून, दरोडे, गायब झालेले वारसदार, जिकडेतिकडे हिरवा गोल! काय वाचलंय या बाईने!

शेवटी एक बिनगोलाची सापडली. मग स्वतःसाठी माहितीच्या पुस्तकांकडे वळले. मधमाश्या, पूलबांधणी, मिठागरं. गंमत म्हणून प्रत्येकाचं पान एकेचाळीस उघडत होते. सगळी कोरी. आई असलं काही वाचतच नाही.

तेवढ्यात एका डॉक्टरांचं जाडजूड पुस्तक हाताला लागलं. विषय, स्मृतिभ्रंश.

एकेचाळीसवर हिरवा गोल. एक नाही, तीन. एकाभोवती एक.

मी तिथेच स्टुलावर बसले. म्हणजे आईने हे तीनदा घरी नेलं? आणि मी दर रविवारी ठाण्याहून येते, जेवते, गप्पा मारते, मला पत्ता नाही?

घरी आले. आईने विचारलं, "गोल बघितलास ना?"

"बघितला."

तिने चष्मा लावला आणि शांतपणे नवी कादंबरी उघडली.

सांगा, ती मला हे कधी सांगणार होती? की सांगून झालंय, असंच तिला वाटतंय?