नवव्या डब्यावरचा बोकड

मुलांनो, त्या रविवारी फोनवर तुम्हाला आधी सागाची पानं, मग आभाळ आणि शेवटी एका बोकडाचा कान दिसला. एवढ्यावरून चॅम्पियनशिपमध्ये काय झालं ते तुम्हाला कळलं असेल असं वाटत नाही. म्हणून क्रमाने लिहिते.

तुमच्या बाबाने गोल्फच्या काठ्या पाठवल्यावर आजोबांनी धरणाखालच्या आपल्या सागाच्या शेतात तुपाचे नऊ रिकामे डबे पुरले आणि जाहीर केलं, "हिंगोली जिल्ह्यात यापेक्षा अवघड मैदान न्हाई." बरोबरच होतं. आमच्या माहितीत जिल्ह्यात दुसरं मैदानच नाही. सागाच्या दोन ओळींतून चेंडू काढायचा म्हणजे चालत्या बैलगाडीत बसून सुई ओवायची. त्यातून वाचला तर पुढे मुरमाचा ढीग, त्यापुढे शेततळं, आणि नवव्या डब्याला लागून देवीचं रान. तिथली फांदी कोणी तोडत नाही, त्यामुळे दुपारीही आत अंधारलेलं असतं.

सामना तुमच्यातल्या थोरल्या ताईचा आणि आजोबांचा. ताईने फोनवरून काठी आणि दिशा सांगायची, तिच्या वतीने मी मारायचं. पंचही मीच, कारण इंग्रजी नियमावली मी वाचली होती. आजोबांनी हरकत घेतली. पंचांनी ती फेटाळली.

पैज तुम्हाला माहीतच आहे. आजोबा जिंकले तर विमानाचं नाव कोणी पुन्हा काढायचं नाही. ताई जिंकली तर आजोबांनी मुकाट्याने विमानात बसायचं. पाटबंधारे खात्यात जन्म घालवलेला हा माणूस धरणाच्या भिंतीवरून चालत जायचा, पण विमान म्हटलं की त्याचे गुडघे दुखू लागायचे. आणि ते येत नाहीत म्हणून मीही तुमचं घर अजून पाहिलेलं नाही. तेव्हा पंच निःपक्षपाती होते असं मी म्हणणार नाही.

आठ डबे झाले तेव्हा दोघांची बरोबरी होती. नवव्याला ताई म्हणाली, "आजी, जोरात!" मी जोरात मारला. चेंडू थेट देवीच्या रानात गेला.

आजोबांनी टोपी उडवली. "संपलं! आता गुडघ्यांना आराम."

"चेंडू पडला तिथूनच खेळायचा," मी म्हटलं आणि लोखंडी काठी घेऊन निघाले. रानाच्या तोंडाशी शेळ्या राखणारी म्हातारी बसली होती. तिने हात आडवा केला.

"बाई, लोखंड आत न्हेत न्हाईत. कोयता न्हाई, कुऱ्हाड न्हाई. अन् चपला हितंच काढा."

"मग चेंडू उचलून आणू?"

"आतलं काईच हातानं भायेर आणत न्हाईत. वाळकी काडीबी न्हाई."

"बघा!" आजोबा आनंदाने ओरडले. "देवीसुद्धा माझ्या बाजूनं!"

"मालक, तुमी काहून नाचून राहिले?" म्हातारीने विचारलं. मी तिला पैज सांगितली. तिने आजोबांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आपली बाभळीची काठी माझ्या हातात दिली. "ही लाकडाची हाय. मारा."

नियमावलीत शेळ्या राखायच्या काठीला मनाई कुठे दिसली नाही. खरं सांगायचं तर मी फार शोधलंही नाही. अनवाणी आत गेले, देवीला नमस्कार केला आणि विटीदांडूसारखा टोला दिला. चेंडू मोहाच्या खोडावर आपटला, बाहेर उडाला आणि नवव्या डब्यापाशी हातभर अंतरावर येऊन थांबला. आजोबांचा आधीच मारलेला चेंडू त्याहून जरा लांब होता, आणि लांबच्याने आधी मारायचं असतं, म्हणून पाळी त्यांची. डबा समोर, वाट साफ. हा फटका ते झोपेतही चुकत नाहीत.

तेवढ्यात एक काळा बोकड आला आणि डब्यावर बसला.

"ए, हाकल त्याला!" आजोबा म्हणाले.

"देवीच्या नावानं सोडलेला हाय त्यो," म्हातारी जागची हलली नाही. "त्याला कोणी हाकलत न्हाई. उठंल तवा उठंल."

आम्ही थांबलो. बोकड रवंथ करत राहिला. ताई फोनवर विचारत होती, "काय झालं? आजी, काय झालं?" मी फोन बोकडासमोर धरला.

"किती वेळ थांबायचं?" आजोबांनी पंचांना विचारलं.

"फार नाही," पंच म्हणाले.

आजोबांना धीर कधीच नव्हता. त्यांनी बोकडाच्या दुमडलेल्या पायांमधून चेंडू डब्यात सरकवायचा बेत केला आणि मारला. चेंडू बोकडाच्या खुरावर आपटून उतारावर गेला आणि शेततळ्यात बुडाला. बोकड उठला, अंग झाडलं आणि आजोबांकडे न बघता निघून गेला. डबा मोकळा झाला.

"आजी, हळू," ताई म्हणाली. मी हळू मारला. डब्यातून जो आवाज आला तो तुम्ही ऐकलात.

आजोबांनी टोपी डोक्यावर दाबून बसवली. मग म्हातारीला म्हणाले, "देवीला लेकराची बाजू घ्यायची होती, तर आधीच सांगायचं. एवढी तकलीफ कशाला?"

"मालक, इमानात खिडकीपाशी बसा," ती म्हणाली. "मले येऊन सांगा, वरून धरण केवढं दिसते."

सध्या आजोबा जेवणानंतर झोपाळ्यावर बसतात, कमरेला माझी जुनी ओढणी बांधतात, कानात कापूस घालतात आणि मला झोका द्यायला सांगतात. काल तो जरा उंच गेला तर डोळे मिटून ओरडले, "उतरलं का गं?"

"नाही," मी म्हटलं. "आत्ता कुठे हिंगोली सुटली."