तीन नंबरची सीट

नाव हैबतराव, पण उंची जेमतेम पाच फूट. रोज कासूहून गाडीने रोह्याला उतरायचं आणि स्टेशनाबाहेरच्या भाड्याच्या सायकलीने कंपनी गाठायची. सहा सायकलींपैकी चार पंक्चर, पाचवीचं कुलूप मोबाइलला दाद देत नसे. उरली तीन नंबरची. संध्याकाळी तिची सीट पार खाली ठेवून जावं, तर सकाळी ती पुन्हा छातीशी आलेली.

"कुठला उंट बसतो गो तुझ्यावर?" हैबतराव सायकलीलाच झापत. बायको गेल्यापासून दिवसाचं पहिलं बोलणं ते हेच.

मग एका सोमवारी सीट खालीच सापडली. मंगळवारीही खालीच. शुक्रवार उजाडला तरी तेच. त्यांनी हेल्पलाइनला फोन लावला.

"तक्रार काय आहे, काका?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

आता काय सांगणार? "काय नाय. सायकल बरी हाय," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्या संध्याकाळी गाडी फलाटाला लागली तरी हैबतराव सायकलींच्या स्टँडवरच होते. सीट वर ओढून, घट्ट आवळून मगच ते धावत सुटले.

सकाळी सीट छातीशी आलेली.

"आलास व्हय रे उंटा!" ते खेकसले, आणि सीट खाली करू लागले.